कोरी करकरीत डिस्क

आप्पा, तुमच्या दहाव्याला माईक होता. घोडनदीच्या काठी मांडव, मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढच्या रांगेत पांढऱ्या कपड्यांतली माणसं. कुठल्या गाडीतून कोण उतरलं ते एक निवेदक सांगत होता. तुमचं नाव त्यानं दोनदा घेतलं. त्या माणसांची नावं त्यानं किती वेळा घेतली ते मी मोजायचं सोडून दिलं. मी मागे, काकूंच्या बहिणीशेजारी बसले होते. एक वक्ता म्हणाला की आप्पांनी शिरूरच्या मातीत कॉम्प्युटरचं रोपटं लावलं. दुसऱ्यानं सांगितलं की तुम्ही स्वतःचा कॉम्प्युटर बनवला होता आणि त्याला परदेशातून मागणी होती, पण तुम्ही गाव सोडलं नाही. तुम्ही काय करत होतात हे तिसऱ्याला कोणी सांगितलंच नसावं. तो पाणी योजनेवर बोलला.

कावळा लगेच शिवला. माणसं नीट मागे सरलीसुद्धा नव्हती. सगळ्यांचे चेहरे सुटले, आणि माझ्या मागची बाई म्हणाली, "कायबी इच्छा राह्यली न्हाई बघा. आप्पा समाधानानं गेलं."

मला शिसारी आली. त्या बाईची नाही आणि कावळ्याचीही नाही. तुमची काय इच्छा राहिली होती हे त्या मांडवात फक्त मला माहीत होतं, आणि मी पदर सावरत गप्प बसले होते, त्याची आली.

जेवणं झाल्यावर मी तुमच्या मेव्हण्यांना, सुरेशभाऊंना, तुमच्या कॉम्प्युटर क्लासची किल्ली मागितली. ते स्वतःच बरोबर आले. खताच्या दुकानावरच्या त्या दोन खोल्या, जिन्यात तोच युरियाचा वास. खिडकीजवळचं तुमचं मशीन चालू होतं आणि जिथे तुम्ही कधी चित्र येऊ दिलं नाही त्या पडद्यावर रंगीत मासे पोहत होते. मी माशांकडे बघत उभी राहिले. सुरेशभाऊंना वाटलं, मला ते आवडले.

"ह्याच्यात काहीच नव्हतं ताई," ते म्हणाले. "मी लावून बघितलं ना. एक फाईल न्हाई. कोरी करकरीत डिस्क. म्हणलं वाया कशाला घालवायची, फॉरमॅट मारली, साफ पुसली."

मी विचारलं, कधी.

"तिसऱ्या दिवशी. सावडून आलो आन् बसलो. तेवढाच मनाला विरंगुळा."

मग त्यांनी मला चहा विचारला. वाईट माणूस नाही. नवीन बॅच सोमवारपासून होती, आणि तुमचं नाव क्लासला द्यायचं त्यांच्या मनात होतं. सगळ्यात घाणेरडी गोष्ट ही, की ते खोटं बोलत नव्हते. तुमच्या डिस्कवर खरोखरच एकही फाईल नव्हती. फाईल नसावी याच एका गोष्टीसाठी तुम्ही सगळं आयुष्य घातलं होतं.

हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण त्या माईकवर कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

कॉम्प्युटरवर आपण काम करतो ते पाटीवर लिहिल्यासारखं असतं. लाईट गेली की पाटी पुसली जाते. राहायला हवं असेल तर ते फाईलमध्ये उतरवून ठेवायचं, त्याला सेव्ह करणं म्हणायचं. शिरूरला तेव्हा दिवसातून तीन-चार वेळा लाईट जायची. सगळे जण वायरमनला शिव्या द्यायचे, तुम्ही कॉम्प्युटरला द्यायचात. "लाईट जाणारच. तिचा सोभावच हाय त्यो. पण ह्यानं इसरायचं कशापायी? आन् सेव्ह म्हंजी काय? केलेलं काम ऱ्हावं म्हणून अर्ज करायचा?"

म्हणून तुम्ही मशीन चालवणारी व्यवस्थाच, ज्याला आम्ही ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतो ती, मुळापासून वेगळी लिहायला घेतलीत. तिच्यात फाईल नाही, सेव्ह नाही. फक्त वस्तू. पत्र ही वस्तू, हजेरीचा तक्ता ही वस्तू, विद्यार्थ्याचं नाव हीसुद्धा वस्तू. एकदा केली की ती आहे, लाईट असो वा नसो. मशीन दर पाच मिनिटांनी स्वतःचं पूर्ण चित्र डिस्कवर काढून ठेवायचं. लाईट परत आली की होतं तिथेच जागं व्हायचं, पत्रातल्या अर्ध्या शब्दावरसुद्धा. आणि जागं झाल्यावर पहिली ओळ दाखवायचं. मराठी अक्षरं त्याला येत नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत, पण भाषा तुमची: लाईट गेली व्हती. कुठं व्हतो आपण?

मी पहिल्यांदा ती ओळ वाचली तेव्हा हसले नव्हते. मला ती नीट वाचताच आली नव्हती.

माझे वडील रेल्वेत गार्ड. आमचं घर दौंडच्या रेल्वे कॉलनीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की बाई पट्टी मारायच्या आणि आम्हाला ते फारसं चुकीचंही वाटायचं नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला विषय हवा होता, आणि शिरूरला एक माणूस काहीतरी वेडं करतोय असं बाबांना कोणीतरी गाडीत सांगितलं. मी सगळी इंग्रजी पुस्तकं वाचून आले होते. शब्द सगळे येत होते मला. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "चल, न्हावऱ्याला जाऊ." मोटरसायकलवर मागे बसून मी तुमच्या घरच्या गोठ्यात गेले आणि नाकाला रुमाल लावून उभी राहिले. ते तुम्ही पाहिलंत आणि पाहिलं नाही असं केलंत.

तिथे तुम्ही दाखवलंत. जमिनीत खुंटा. खुंट्याला दावं, दाव्याला जनावर. एका जनावराच्या दाव्याला दुसरं असलं तरी चालेल, पण शेवटचं टोक खुंट्याला पाहिजे. जे खुंट्यापर्यंत पोचतं ते टिकतं. जे कुणाच्याच दाव्याला नाही ते मोकाट, आणि मोकाट जनावर कोंडवाड्यात. पुस्तकात ज्याला चार प्रकरणं लागली होती ते म्हशीनं एकदा शेपटी हलवावी एवढ्या वेळात झालं. मला ते कळलं आणि ते इतकं सोपं होतं याचा रागही आला. ही तुमच्याबद्दलची कृतज्ञता आहे, आप्पा. मला ती नेहमी अशी आंबटच आली.

कोंडवाडा तुम्ही माझ्याकडे दिलात. मोकाट वस्तू शोधायच्या आणि जागा मोकळी करायची, हा माझा प्रोजेक्ट. वर्षभर शनिवारी दौंडहून एसटीनं यायचं आणि संध्याकाळी परत. वाद व्हायचे. मी विचारलं, पुसायची कमांड कुठे आहे? तुम्ही म्हणालात, पुसायला कमांड कशाला, दावं सोड. मी म्हटलं, मग चुकासुद्धा राहतील. "ऱ्हाऊ दे की," तुम्ही म्हणालात. "दिसत ऱ्हायली तर दुरुस्त हुईल. पुसली तर परत करशील." हा वाद मिटला नाही.

आणि मग मी बॅकअपचं, म्हणजे सगळ्याची एक नक्कल वेगळी काढून ठेवण्याचं बोलले. क्लासची सात-आठ मुलं बसलेली असताना बोलले, ही चूक. एरवी मी चार माणसांत तोंड उघडत नाही. तुम्ही खुर्ची फिरवलीत.

"ज्याचा खुंट्यावर इस्वास न्हाई त्यानं जनावरं पाळू नये. तू आपली कोंबड्या पाळ."

सगळे हसले. पुढच्या शनिवारी मी जिना चढताना वरून कोणीतरी कोंबडीचा आवाज काढला. तुम्हीही हसत होतात. मला तुमची किळस आली होती, खोटं कशाला सांगू. तुमच्या पान खाल्लेल्या दातांची, त्या जिन्याच्या वासाची, आणि माझ्या तापलेल्या कानांची.

त्या दुपारी तुम्ही चहाला गेलात. तुमचा चहा तासाचा असायचा, पेपरसकट. मी पर्समधून फ्लॉप्या काढल्या आणि तुमच्या अख्ख्या डिस्कची नक्कल घेतली. चौदा फ्लॉप्या. चौदावी निघाली तेव्हा जिन्यात तुमची चप्पल वाजत होती. दौंडला येऊन त्या मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. काही वापरायच्या नव्हत्या. तुमच्या खुंट्यावर माझा विश्वास नाही, एवढं मला स्वतःला सांगायचं होतं.

त्यानंतरच्या शनिवारी मी कोंडवाडा चालवून बघायच्या आधी आवराआवर करत होते. खुंट्याखाली एक वस्तू दिसली. नाव इंग्रजी अक्षरांत: डी, ए, व्ही, ई. मी वाचलं, डेव्ह. इंग्रजी पुस्तकांत उदाहरणांना अशीच नावं असतात. मला वाटलं, तुम्ही कुठल्यातरी पुस्तकातून उतरवलेलं उदाहरण राहून गेलंय. मी डेव्हला खुंट्यावरून सोडून दिलं.

ते दावे होतं. बोलताना तुम्ही नेहमी दावं म्हणायचात, पण वस्तूंना नावं देताना शाळेत शिकवल्यासारखं शुद्ध लिहायचात, दावे. बोलल्यासारखं लिहिलं असतंत तर मी वाचलं असतं. सगळी दावी त्या एका वस्तूत होती. ती गेल्याबरोबर प्रत्येक जनावर मोकाट झालं. मग माझा कोंडवाडा सुरू झाला आणि त्यानं एकही चूक केली नाही. दोन मिनिटांत गोठा रिकामा झाला, आणि पाचव्या मिनिटाला मशीननं, इमानानं, रिकाम्या गोठ्याचं चित्र काढलं.

तुम्ही आलात, बघितलंत, बंद करून चालू केलंत. लाईट गेली व्हती, कुठं व्हतो आपण? खाली काही नाही. परत बंद, परत चालू. तिसऱ्यांदा ती ओळ आली तेव्हा तुम्ही तिच्याकडे बघत बसलात.

"लाईटीनं खाल्लं वाटतं," तुम्ही म्हणालात.

लाईटीला दोष देताना मी तुम्हाला तेवढं एकदाच ऐकलं. आठवड्यापूर्वीचा सगळा गोठा दौंडला बिस्किटांच्या डब्यात होता, आणि एसटी अर्ध्या तासात होती. मी म्हणाले, "हो, व्होल्टेज कमीच होतं."

का म्हणाले, ते मी इतक्या वर्षांत स्वतःला पुष्कळ प्रकारे समजावलं आहे. नक्कल दिली असती तर कोंबडीवाली मीच ठरले असते. दोन्ही ताडून पाहिलं असतंत तर डेव्ह सापडला असता. तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. सगळी कारणं खरी आहेत, आणि सगळ्यांना एकच वास आहे.

त्या परीक्षेत मी तुमचा गोठा दाखवला. माझ्या फ्लॉप्यांवरून, कॉलेजच्या मशीनवर चढवून. प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर मार्गदर्शक म्हणून कॉलेजच्या सरांचं नाव होतं. त्यांनी तो एकदा उघडून पाहिला होता. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पडद्यावरची ओळ वाचायचा प्रयत्न केला आणि ही कुठली भाषा म्हणून विचारलं. मी इंग्रजीत सांगितलं, काही नाही सर, चाचणीसाठी टाकलेली अक्षरं आहेत.

खोटं मी पुष्कळ बोलले आहे. पण त्या वाक्याची मला अजून ओकारी येते.

पहिला वर्ग मिळाला. पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही विचारलंत, दाखवलं काय तिथं? मी म्हटलं, कागदावर काढलेलं होतं, तेच. तुम्ही पेढा तोंडात टाकून म्हणालात, "कागदाला लाईट लागत न्हाई, त्ये बरं." आणि परत मशीनकडे वळलात. तुम्ही पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली होती.

त्याला अडीच वर्षं लागली. मला पुण्यात नोकरी लागली. चार-सहा महिन्यांनी कधीतरी मी यायचे, काकू शेंगदाण्याचा लाडू द्यायच्या, तुम्ही नवीन गोठा दाखवायचात. गेल्या दिवाळीनंतर आले तेव्हा तो पुरा झाला होता. पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला. तुम्ही खुंट्याखालची यादी उघडलीत, आणि जिथे डी, ए, व्ही, ई असायचं तिथे दाव्यासाठीचा इंग्रजी शब्द होता, आर, ओ, पी, ई: रोप.

तुम्ही पडद्यावरून नजर न काढता म्हणालात, "नाव बदललं. कॉन्व्हेंटच्या माणसाला बी कळाया पायजे." आणि पोट हलेपर्यंत हसलात, आणि काकूंना चहा टाका म्हणून हाक मारलीत.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. केव्हापासून, कोण जाणे. अडीच वर्षं माझी चूक एकट्यानं निस्तरत होतात आणि माझ्या पेढ्याला नावं ठेवली नाहीत. त्या क्षणी नक्कलेचं सांगायला हवं होतं. तुम्हाला तिचा उपयोग उरला नव्हता, फार तर माझी थोडी लाज गेली असती. तुम्ही वाट इतकी सोपी करून दिलीत आणि मी चहा प्यायले.

उलट मी धीर करून विचारलं ते हे, की आता तरी एखादी नक्कल ठेवाल का. तुम्ही म्हणालात, "दोन खुंट्यांचं जनावर उपाशी मरतंय."

आप्पा, तुम्ही गेलात म्हणून मी तुमच्यावर गोड लिहिणार नाही. हा हट्ट घाणेरडा होता. काहीच विसरणार नाही असं यंत्र बनवलंत आणि ते खताच्या दुकानावर ठेवलंत, आणि त्यात काय आहे हे घरात एका माणसाला सांगितलं नाहीत. काकूंना नाही, सुरेशभाऊंना नाही. आतली प्रत्येक वस्तू खुंट्याला बांधलेली होती, पण खुंटा कुणाच्याच दाव्याला नव्हता. तुमच्याच नियमानं ते मशीन मोकाट होतं. सुरेशभाऊंनी ते कोंडवाड्यात घातलं, एवढंच. ते दावं व्हायला एकच माणूस होतं, मी. मला तुमची बातमी तिसऱ्या दिवशी सकाळी कळली. मशीनला हात लावू नका असा फोन करावा असं मनात आलं होतं. मग वाटलं, अशा दिवशी डिस्कसाठी फोन करणं बरं दिसणार नाही. फोन टेबलावरच होता. त्याच दुपारी सुरेशभाऊ सावडून आले आणि विरंगुळ्याला बसले.

काल मी दौंडला तो डबा काढला. माझं जुनं मशीन अजून आहे, फ्लॉपी घेणारं. नववी फ्लॉपी खरवडत होती. बाबा आता निवृत्त आहेत. पेपर वाचता वाचता ते म्हणाले, "शंटिंग चाललंय का गं तुझं?" तिसऱ्या खेपेला ती वाचली गेली. चौदावी आत गेली, मशीन थोडं थांबलं आणि जागं झालं.

लाईट गेली व्हती. कुठं व्हतो आपण?

त्याच्या खाली एक ओळ होती. परीक्षेच्या वेळी मी ती घाईनं वर सरकवली होती, कोणी वाचू नये म्हणून. मी नक्कल घेतली त्या शनिवारी, चहाला जाताना, तुम्ही माझ्यासाठी पडद्यावर लिहून गेला होतात.

चहा पिऊन येतो. हात लावू नको.

तुमचं अडीच वर्षांचं काम यात नाही. हा जुना गोठा आहे, रोपच्या आधीचा. खुंट्याखाली मी पाहिलं. दावे आहे. यावेळी मला ते नीट वाचता आलं.

मी तुमच्या ओळीखाली लिहिलं, तशाच इंग्रजी अक्षरांत: आप्पा, लाईटीनं खाल्लं नव्हतं. दावे मी काढलं. आणि नक्कल माझ्याकडे होती.

सेव्ह करायचं का असं त्यानं विचारलं नाही. मी घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले आणि मग भिंतीतली पिन उपटली. बाबांनी आतून विचारलं, लाईट गेली का. मी हो म्हटलं. पिन परत लावली.

लाईट गेली व्हती. कुठं व्हतो आपण? खाली तुमचा चहा. त्याच्या खाली माझी ओळ, अक्षर न् अक्षर तिथेच. वाचून तशीच किळस आली.

ती पुसायची कमांड तुम्ही ठेवलेली नाही. दावं तेवढं सोडता येतं. ते कसं सोडायचं हे मला चांगलं माहीत आहे, पण मी सोडलेलं नाही.